पणजीतला सेरादुरा: खरं क्रीम कुठे मिळालं

वीज गेली तेव्हा ग्लास माझ्यासमोर नुकताच आला होता. मे महिन्यातली दुपार, पणजीतल्या १८ जून रस्त्यालगतच्या एका रेस्टॉरंटचा पहिला मजला. एसी बंद पडला, वेटर खिडक्या उघडायला धावले. तेवढ्यात मुलीचा फोन आला म्हणून मी जिन्यात गेले आणि बोलता बोलता पाऊण तास गेला. परत येऊन बघते तर सेरादुरा जसाच्या तसा! वरचा पांढरा तुरा ताठ, थरांच्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या. काचेवरचं दव कधीच वाळून गेलं होतं, म्हणजे ग्लास खोलीइतका गरम झाला होता. आतलं क्रीम मात्र तसूभरही खचलं नव्हतं.

मी अठ्ठावीस वर्षं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम केलं. दुधातली फॅट मोजायच्या गर्बरच्या नळ्या, ॲसिड, सेंट्रिफ्यूज आणि रोजची फॅट-एसएनएफची, म्हणजे स्निग्धता आणि दुधातले बाकीचे घन घटक यांची, वही. निवृत्त झाल्यावरही पर्समध्ये थर्मामीटर असतोच. उघड्या खिडकीजवळ तो ३२ अंश दाखवत होता. त्या उकाड्यात पाऊण तास ताठ उभं राहणारं क्रीम दुधाचं नाही, हे चव न घेताही सांगता आलं असतं. तरी चमचा घेतला. गोड होतं, व्हॅनिला होता, बिस्किटाचा चुरा होता. पण गिळल्यावर टाळूला मेणासारखा एक थर चिकटून राहिला आणि वर गार पाणी प्यायले तेव्हा तो आणखी घट्ट झाला. बिल २२० रुपये. मेनूवर लिहिलं होतं ‘ताज्या क्रीमचा पारंपरिक पोर्तुगीज गोड पदार्थ’.

मला त्या दुपारी खरंच वाईट वाटलं. मुलगी नोकरीसाठी पर्वरीला राहते, त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी माझी गोव्याला फेरी होते, आणि सेरादुरा हा माझा इथला सगळ्यात आवडता पदार्थ. मग त्याच मुक्कामात ठरवलं की चार दिवस मिळेल तिथे फक्त हाच पदार्थ खायचा आणि खरं क्रीम कोण वापरतं ते शोधायचं. त्या खाण्याचा हा हिशोब.

ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. फेटलेल्या क्रीममध्ये कंडेन्स्ड मिल्क आणि व्हॅनिला घालायचा, मारी बिस्किटांचा बारीक चुरा करायचा, काचेच्या ग्लासात एक थर क्रीम, एक थर चुरा असं भरत जायचं आणि काही तास फ्रिजमध्ये ठेवायचं. बस. अंडं नाही, भाजणं नाही, पाक नाही. पोर्तुगीज भाषेत ‘सेरा’ म्हणजे करवत आणि ‘सेरादुरा’ म्हणजे करवतीखाली पडणारा लाकडाचा भुसा. बिस्किटाचा चुरा तसा दिसतो म्हणून हे नाव. गोव्यात बरेच जण ‘सेराडुरा’ही म्हणतात. पोर्तुगीजांकडे २० डिसेंबर १९९९ पर्यंत असलेल्या मकावमध्येही हा पदार्थ घरोघरचा आहे, आणि तिथल्या चिनी नावाचा अर्थही भुशाचं पुडिंग असाच होतो. नाव भाषेतून भाषेत गेलं तरी भुसा काही सुटला नाही, हे मला फार आवडतं.

मारी बिस्किट आपल्याला घरचं वाटतं. चहात बुडवायचं, आजारी माणसाला द्यायचं, लहान बाळाला दुधात कुस्करून भरवायचं. त्याचा जन्म मात्र लंडनचा. पीक फ्रीन या कंपनीने १८७४ मध्ये ते काढलं, रशियाची राजकन्या मारिया अलेक्झांड्रोव्हना हिचं एडिंबरोच्या ड्यूकशी लग्न झालं त्या निमित्ताने. पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये ते इतकं रुळलं की तिथे त्याला मारियाच म्हणतात. पोर्तुगीज घरांत ही बिस्किटं कॉफीत बुडवून, मध्ये बटरक्रीम लावून एकावर एक रचतात आणि त्याचा केक करतात. सेरादुरा त्याच घराण्यातला, फक्त करायला जास्त सोपा.

गोव्यात आल्यावर लोक बिबिंकेच्या रांगेत सेरादुराही बसवतात, ते मला पटत नाही. बिबिंक म्हणजे नारळाचं दूध, अंड्याचा बलक, मैदा, साखर, तूप आणि एकेक थर निखाऱ्यावर भाजत घालवलेला दिवस. तिला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. दोदोल घ्या, तिथेही नारळाचं दूध आणि गूळ. इथल्या जुन्या गोडात स्निग्धता नारळाची असते, आणि कारण उघड आहे: माड दारात होता. क्रीम चार-पाच अंशांवर ठेवल्याशिवाय फेटलं जात नाही, आणि फेटल्यावर गारव्याशिवाय टिकत नाही. या हवेत सेरादुरा फ्रिजशिवाय होणंच शक्य नाही. म्हणजे तो घरात फ्रिज आल्यानंतरचा पदार्थ आहे. त्याने त्याची किंमत कमी होत नाही. पण त्याचा सगळा जीव गारव्यात आणि क्रीममध्ये आहे, एवढं लक्षात ठेवूनच तो खायला हवा.

दुसरा ग्लास मिरामारच्या बाजूच्या एका कॅफेत खाल्ला. २५० रुपये. चमचा लावला तर थर थरथरला आणि पुन्हा जागेवर आला. फेटलेलं क्रीम असं करत नाही, त्यात चमचा गेला की तिथे खड्डा पडून राहतो. वेटर मुलगा चांगला होता, आत जाऊन विचारून आला: हो, जिलेटिन घालतात, ग्लास उलटा केला तरी पडू नये म्हणून. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात. मूळ पदार्थात ते नाही, आणि मेनूवर शाकाहाराचा हिरवा ठिपका होता. त्या मुलाला मी हे सांगितलं, त्याने मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरने मान हलवली. शाकाहारी मंडळींनी सेरादुरा मागवण्याआधी हा एक प्रश्न जरूर विचारावा. अंडं नसतं म्हणून निर्धास्त राहू नका.

तिसरा मडगावला, एका बेकरीत. प्लास्टिकच्या पेल्यात, ९० रुपये. आदल्या दिवशीचा असावा, कारण बिस्किटाचे सगळे थर भिजून पिठल्यासारखे झाले होते. पण तिथल्या बाईंना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, “टॉपिंग आहे, या भावात क्रीम कुठून देऊ?” मला त्यांचा राग आला नाही. भाव तसा माल आणि विचारलं तर खरं उत्तर, हा चोख व्यवहार झाला.

या टॉपिंगबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझं अर्धं आयुष्य याच प्रश्नात गेलं आहे. व्हिप टॉपिंग म्हणून जे डब्यात मिळतं त्यात मुख्यतः पाणी, साखर, हायड्रोजनेटेड, म्हणजे प्रक्रिया करून घट्ट केलेलं, पाम कर्नल तेल आणि सगळं एकजीव ठेवणारी इमल्सिफायर्स असतात. महाराष्ट्रातले वाढदिवसाचे बहुतेक क्रीम केक यावरच चालतात. ते फेटलं की तिप्पट-चौपट फुगतं. दुधाचं क्रीम साधारण दुप्पट होतं. म्हणजे तेवढ्याच ग्लासात टॉपिंगवाल्याला माल कमी लागतो आणि हवा जास्त भरता येते. शिवाय ते उकाड्यात खचत नाही, तासन्‌तास काउंटरवर ठेवता येतं. धंद्याच्या दृष्टीने लोक ते का घेतात हे मला समजतं. ते विषही नाही. तेल असं घट्ट करताना तयार होऊ शकणाऱ्या, हृदयाला घातक ट्रान्स फॅटवर १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, त्याने बराच फरक पडला आहे. माझी तक्रार इतकीच की त्याला क्रीम म्हणू नये. ज्या शेतकऱ्याच्या दुधाला पॉइंट एकने फॅट कमी लागली तर दर कापला जातो, त्याच्या दुधाच्या क्रीमचं नाव पामच्या तेलाला लावायचं आणि वर २२० रुपये घ्यायचे, हे बरोबर नाही.

चवीतला फरकही खरा आहे. दुधाची फॅट एका ठरावीक अंशावर वितळत नाही. थोडी फ्रिजमधून काढल्या काढल्याच मऊ असते, थोडी खोलीच्या उबेत सुटते आणि उरलेली बहुतेक तोंडात. म्हणून खऱ्या क्रीमचा घास जिभेवर पसरतो आणि निघून जातो, मागे दुधाची चव ठेवून. टॉपिंगचा घास निघून जात नाही. घरी करून बघा: चमचाभर टाळूवर दाबा, गिळा आणि वर गार पाणी प्या. थर राहिला तर काय ते कळलं.

रंगावर मात्र जाऊ नका. पांढरंशुभ्र दिसलं म्हणून लगेच टॉपिंग म्हणायचं नाही. म्हशीच्या दुधाचं क्रीम पांढरंच असतं. गाईच्या दुधात कॅरोटिन हे पिवळं रंगद्रव्य उतरतं म्हणून त्याला पिवळी झाक येते, म्हशीच्या दुधात ते येत नाही. पणजीत एका जाणकार गृहस्थांनी मला रंग दाखवून शिकवायचा प्रयत्न केला. त्यांच्याशी मी बराच वेळ बोलले, पण त्यांना ते पटलं असं वाटलं नाही.

तर चौथा ग्लास.

पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत, मळा नावाच्या भागाकडे जाणाऱ्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी एक जुनं घर आहे. भिंती पिवळ्या, कडांना पांढरी रेघ, वरच्या एका खिडकीला अजून शिंपल्यांची तावदानं. खाली सहा टेबलं. जेवणात मोजके पाच-सहा पदार्थ आणि गोडात दोनच. नाव लिहीत नाही, कारण मालकीणबाईंनीच तशी विनंती केली. रोज वीस ग्लास होतात, एकविसावा करायला फ्रिजमध्ये जागा नाही आणि त्यांना तो करायचाही नाही. वय सत्तरीच्या आसपास, फुलाफुलांचा झगा, चष्मा साखळीला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते. ‘सेरादुरा’ एवढा शब्द उच्चारला तर त्या म्हणाल्या, “सोंपलें.” आणि मग माझा चेहरा बघून, “फाल्यां येयात.” उद्या या.

दुसऱ्या दिवशी एक वाजता हजर झाले. ग्लास छोटा, चहाच्या पेल्यापेक्षा थोडा मोठा. वर बिस्किटाचा थर नव्हता, नुसतं सपाट क्रीम. मला वाटलं विसरल्या. तर त्या वाटीत कोरडा चुरा घेऊन टेबलापाशी आल्या आणि माझ्यासमोर चमच्याने वर पेरला. तिथेच मला कळलं की या बाईंना पदार्थ समजला आहे. बिस्किटात पाणी अगदी थोडं असतं, क्रीममध्ये भरपूर. दोन्ही शेजारी ठेवली की पाणी बिस्किटाकडे जाणारच, त्याला उपाय नाही. चार-सहा तासांत आतले थर मऊ केकसारखे होतात, तेव्हा ते सगळ्यात छान लागतात. दुसऱ्या दिवशी लगदा. वरचा थर आयत्या वेळी घातला तर त्याच घासात खाली मऊ आणि वर कुरकुरीत असं दोन्ही मिळतं. एवढी साधी गोष्ट, पण बाकी कुणीही केली नव्हती.

चुराही बघण्यासारखा. मिक्सरमध्ये केला की बिस्किटाचं पीठ होतं आणि क्रीम लागताच त्याची चिकट पेस्ट बनते. इथे लाटण्याखाली केलेला होता: काही पीठ, काही रव्यासारखं, मध्येच एखादा कण मुगाएवढा. काहींचं म्हणणं की नाव भुशाचं आहे तर चुरा एकसारखा बारीकच हवा. मला तसं वाटत नाही. लाकडाचा भुसा तरी कुठे एकसारखा असतो? माझ्या मामाची वखार होती, तिथल्या ढिगात बारीक पूड आणि जाड कीस दोन्ही असायचं.

आणि क्रीम. पहिल्या चमच्यातच ते सुटलं. अंगात वजन असलेलं, पण जिभेवर आलं की हलकं. गोडी बेताची, मागे मिठाची एक कणी. दहा मिनिटं मी मुद्दाम खाणं थांबवून ग्लासाकडे बघत बसले. बाहेरून पाण्याचे थेंब ओघळायला लागले, क्रीमची कड काचेपासून हळूच सुटली, वरचा सपाट पृष्ठभाग मधोमध किंचित खचला. मला इतका आनंद झाला! खचणारं क्रीम बघून आनंद होणारी माणसं फार नसतील, पण जे जिवंत दुधातून आलं आहे ते उकाड्यात खचणारच, आणि ते खचताना दिसलं म्हणजे माझ्यासाठी शिक्का बसला.

किंमत १८० रुपये. पहिल्या, टॉपिंगवाल्या रेस्टॉरंटपेक्षा चाळीस रुपये कमी.

तिसऱ्या फेरीला, गर्दी नव्हती तेव्हा, बाईंनी मला आत बोलावलं. स्टीलचं पातेलं बर्फाच्या परातीत ठेवलेलं, फेटणीचे दांडेसुद्धा फ्रिजमधून काढलेले. क्रीम खोक्यातलं, ३५ टक्के फॅटचं, म्हापशाच्या एका घाऊक दुकानातून येतं. कंडेन्स्ड मिल्क त्या शेवटी घालतात, क्रीम अर्धं घट्ट झाल्यावर, आणि तेही फ्रिजमध्ये गार केलेलं. हे लिस्बनला राहणाऱ्या नणंदेने शिकवलं म्हणाल्या. मी विचारलं, “आंटी, टॉपिंग कधीच वापरलं नाही?” त्यांनी पातेल्यातून डोकंही वर केलं नाही. “एकदां. म्हज्या नातवान खालें ना.” माझ्या नातवाने खाल्लं नाही. तेवढंच.

उणं काढायचं तर व्हॅनिला. बाटलीतला इसेन्स आहे आणि तो थोडा जास्त पडतो. निम्म्यावर आणला तर दुधाची चव आणखी पुढे येईल. हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी तितकाच घातला होता. बसायच्या खुर्च्या कडक आहेत. गाडी लावायला जागा नाही, लांब लावून चालत यावं लागतं. पैसे फक्त रोख.

आता एक अनुभव सांगते, कारण लोक नक्की विचारतील की घरी नेता येतो का. मी नेला. कोल्हापूरला ताईला खायला घालायचा म्हणून झाकणाचे चार ग्लास भरून घेतले, थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसवले आणि सकाळची एसटी धरली. देताना बाई म्हणाल्याच होत्या, “बाय, हें व्हरपाचें न्हय, हांगा बसून खावपाचें.” हे न्यायचं नाही, इथे बसून खायचं. सावंतवाडीपर्यंत सगळं ठीक होतं. आंबोलीचा घाट चढताना गाडी इतकी हलली की मी पेटी मांडीवर घेतली. आजऱ्याला थांबलो तेव्हा पेटीत ९ अंश होते, घरी पोहोचलो तेव्हा १४. क्रीम निम्म्यावर बसलं होतं, चुरा पार भिजला होता, थर एकमेकांत गेले होते. ताईने वाटीत काढून खाल्लं, भाऊजींनी पोळीबरोबर खाल्लं. चव चांगलीच होती, पण तो सेरादुरा राहिला नव्हता.

ताई म्हणाली, “श्रीखंड कसं चार दिवस टिकतं, मग याला काय झालं?” प्रश्न योग्य होता. श्रीखंडात चक्क्याचं प्रथिन असतं, ते पाणी आणि फॅट आपल्या जाळीत धरून ठेवतं, आणि त्यात हवा जवळजवळ नसते. फेटलेल्या क्रीममध्ये निम्मी हवा. ती हवा धरून ठेवायला फॅटचे गार, घट्ट कण बुडबुड्याभोवती एकमेकांना चिकटून भिंत करतात. कण वितळले की भिंत पडते आणि हवा निघून जाते. पुन्हा गार केलं तरी ती भिंत परत उभी राहत नाही. म्हणून सेरादुरा प्रवासाचा पदार्थ नाही.

त्यापेक्षा घरी करणं बरं. मी आता कोल्हापुरात करते ते प्रमाण देते, सहा ग्लासांचं. क्रीम ४०० मिली, कंडेन्स्ड मिल्क १२० ग्रॅम, मारी बिस्किटं १५० ग्रॅम, व्हॅनिला अर्धा छोटा चमचा, मिठाची चिमूट. क्रीम घेताना खोक्यावर फॅटचा आकडा वाचा. स्वयंपाकासाठी जे फ्रेश क्रीम मिळतं ते २५ टक्क्यांचं असतं, भाजीत छान लागतं पण फेटून घट्ट होत नाही. निदान ३० हवं, ३५ मिळालं तर उत्तम. कंडेन्स्ड मिल्कमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त साखरच असते, त्यामुळे वेगळी साखर अजिबात घालू नका, आणि डबा संपवायचा म्हणून सगळा ओतू नका. आपल्याकडे या पदार्थाचं सगळ्यात जास्त वाटोळं होतं ते इथेच.

घरची साय चालेल का, असं मला शेजारच्या तिघींनी विचारलं. नाही चालत. साय तापलेल्या दुधावरची, तिच्यात दुधातलं प्रथिनही गोळा झालेलं असतं, गुठळ्या राहतात, आणि फेटायला घेतली की फुलायच्या आत लोणी सुटतं. म्हशीच्या दुधात तर फॅटचे कण मोठे, ते आणखी लवकर एकत्र येतात. संघातून मशीनचं ताजं क्रीम मिळत असेल तर ते घ्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि फेटताना डोळा काढू नका. दांड्यामागे रेघ उमटून राहिली की थांबायचं. त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात लोण्याचे कण दिसायला लागतात. माझं एकदा तसं झालं, त्याचं तूप कढवलं आणि दुसरं क्रीम आणलं.

ग्लास भरताना चुरा हलका पेरायचा, दाबायचा नाही. सकाळी भरलं तर दुपारच्या जेवणानंतर काढा. वरचा थर मात्र वाढताना, त्या बाईंसारखा.

मकावला जाऊन तिथला सेरादुरा खायची इच्छा आहे, तो योग कधी येतो बघू. पणजीत मात्र मला आता दुसरीकडे जायचं कारण उरलेलं नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा गेले होते. मळ्यात पाऊस धो-धो कोसळत होता, ओरेच्या खाडीचं पाणी काठाला आलं होतं, सहापैकी एकाच टेबलावर माणसं होती. निघताना मी माझा थर्मामीटर बाईंना दिला, फ्रिजच्या दारात अडकवायला, कारण त्यांचा फ्रिज जुना आहे आणि पावसाळ्यात वीज सारखी जाते. ऑक्टोबरात गेले तेव्हा तो सुतळीने वरच्या कप्प्याला बांधलेला होता आणि ४ अंश दाखवत होता. बाजूला अकरा ग्लास उरले होते, त्यातले दोन मी खाल्ले.

जाणार असाल तर एकच्या आत जा. सोमवारी बंद असतं.